कमानपाट्याची सुरी

कॅम्प, जोयड्याच्या पलीकडे
२२ नोव्हेंबर १९९८

आदरणीय दाजींना,
परशुरामचा सप्रेम जयभीम.

तुमचं कार्ड जुलैत आलं आणि मी नोव्हेंबरात लिहायला बसलोय. पावसात पोस्टमन इकडं येत नाही, हे एक कारण. पेन नव्हतं, हे दुसरं, पण ते खोटं आहे, पेन होतं. खरं कारण असं की कार्डावर तुम्ही लिहिलं होतं, "वेणूला जाऊन वर्ष होतंय, पंधरा तारखेला घरी वंदना आहे, ये." आणि मी आलो नाही. सख्ख्या बहिणीच्या वर्षाला आलो नाही, मग वर पत्र काय लिहायचं? उद्या लिहू, उद्या लिहू करत चार महिने गेले. आता लाज पण थकली, म्हणून बसलोय.

अक्षर वाकडं येतंय. थंडीनं हात अवघडलाय. इकडं पहाटे दात वाजतात.

काम बरं आहे. बेंगळूरहून माणसं येतात आणि पैसे देऊन जमिनीवर झोपतात. आपण उणकलला फुकट झोपत होतो, ते बघायला कोण आलं नाही. मी तंबू ठोकतो, लाकडं आणतो आणि नदीवर होडी सुटली की काठावर दोरी धरून उभा राहतो. कोण पाण्यात पडलं तर दोरी फेकायची. दिवसभर उभं राहून पाय दगड होतात. परवा एक बाई पडली, मी दोरी फेकली, तर ती दोरी सोडून गॉगल धरायला गेली. काय सांगायचं.

इथं एक मोठा पक्षी आहे, धनेश म्हणतात. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर महिनोन्‌महिने फटीतून चारा देतो. पण ते मी का सांगतोय? सुरीचं सांगायचं होतं.

साहेबांनी नवा नियम काढलाय. सव्वीस जानेवारीला चाळीस जणांची पार्टी येणार आहे. तोवर नदीवरच्या प्रत्येकाकडं स्वतःची, न मिटणारी सुरी पाहिजे. दोरी कुणाच्या पायाला गुंडाळली तर चाकू उघडत बसायला वेळ नसतो. म्यानातून ओढली की कापली, असं पाहिजे. ज्याच्याकडं नसेल तो गुंडूच्या हाताखाली. गुंडू म्हणजे आमचा आचारी. तो आत्तापासूनच मला तव्याची काजळी दाखवून म्हणतोय, "ये रे परशा, तुझी वाट बघतेय ही."

आता सुरी घ्यायची कुठली? एका पाहुण्याकडं बाहेर देशातली होती, दोन हजाराची. धरून बघितली, परत दिली. दांडेलीच्या बाजारात एक बघितलीय, एकशे ऐंशीला. चकचकीत, पाठीवर करवतीचे दात, मुठीचं टोपण उघडलं की आत होकायंत्र, सुई-दोरा, गळ आणि काड्या. मला फार आवडलीय. मटणवाल्याची सुरी हुबळीत दुर्गदबैलाच्या बाजारात पन्नासला मिळते, पण ती लांब आहे आणि कमरेला लावून फिरलो तर पोलीस विचारतील. तुम्ही तारिहाळच्या कारखान्यात रोज लोखंडातच असता. माझ्याजवळ पावणेदोनशे आहेत. काय घेऊ, तेवढं कळवा.

अव्वांना जयभीम सांगा, त्या तुमच्याइतक्याच माझ्या पण आई.

तुमचा,
परशा

---

उणकल, हुबळी
३ डिसेंबर १९९८

चि. परशास,
भीमसेनचा जयभीम.

पत्र मिळालं. जिवंत आहेस हे कळलं. वंदनेचं सोड. पन्नास माणसं आली, खीर उरली, शेजाऱ्यांना वाटली.

तुझं अक्षर बघून मी दोनदा पाकीट बघितलं. नववी नापास असलास तरी अक्षर वेणूनं तुला पट्टीनं मारून शिकवलं होतं. थंडीनं असं होत नाही. बाटलीला लागलायस काय, ते सरळ लिही.

ती होकायंत्रवाली घेऊ नको. मुठीत होकायंत्र आहे म्हणजे मुठीत पातं नाही, एवढी साधी गोष्ट आहे. सुरी पहिली मोडते ती मुठीजवळ. पात्याचं शेपूट मुठीच्या पार टोकापर्यंत गेलं पाहिजे, दोन बाजूंनी लाकूड, तीन रिव्हेट. तुझ्या त्या सुरीत शेपूट बोटभर असणार, एका नटावर अडकवलेलं. एक लाकूड फोडायला गेलास की पातं एकीकडं आणि होकायंत्र दुसरीकडं. पाठीवरच्या दातांनी काही कापत नाही, ते बघायलाच असतात. आणि फार चकचकीत पातं असेल तर गंजत नाही खरं, पण स्वस्तातलं असलं तर धारही धरत नाही.

घेऊ नको कुठलीच. मी करतो. युनिटच्या मागं ट्रकच्या मोडक्या कमानींचा ढीग पडलाय. त्या पाट्याचं पोलाद चांगलं असतं. जन्मभर वाकून सरळ व्हायचं काम केलेलं असतं त्यानं. मेस्त्रीला विचारलंय, जेवणाच्या सुट्टीत कर म्हणाला. फक्त पाण्यातून आल्यावर पुसायची आणि खोबरेल लावायचं, नाहीतर गंजेल. एवढं करशील काय? तुझा भरवसा नाही.

पातं किती लांब पाहिजे, मूठ केवढी, ते कळव. मी आताशा लवकर थकतो. ग्राइंडरची धूळ छातीत बसलीय. त्यामुळं एकदाच काय ते नीट सांग, परत परत करायला लावू नको.

वेणूनं जत्रेत घेतलेला चाकू होता ना तुझ्याकडं, त्याचं काय झालं?

तुझं पत्र अव्वाला वाचून दाखवलं. ती म्हणते, धनेशाच्या मादीला जेवण मिळतं, तुला मिळतं काय ते विचार.

भीमसेन

---

कॅम्प
१३ डिसेंबर १९९८

आदरणीय दाजी,
जयभीम.

बाटली नाही. गुंडूची शपथ घेतली असती, पण तोच पितो.

खरं सांगतो. ऑक्टोबरात ओली गाठ कापत होतो, अक्कानं घेतलेल्याच चाकूनं. पातं उलटलं आणि माझ्याच बोटांवर मिटलं. उजव्या हाताची दोन बोटं. चार टाके पडले. ते पत्र डाव्या हातानं लिहिलं होतं, हे उजव्यानं लिहितोय, बघा सुधारलंय काय. साहेबांचा तो नियम माझ्या बोटांमुळंच निघालाय. सगळे मला शिव्या देतात, कारण सगळ्यांनाच सुरी घ्यावी लागतेय. चाकू आहे माझ्याकडं, पण दोरा गुंडाळून ठेवलाय.

मापाचं इथल्या कृष्णाला विचारलं. कृष्णा कुणबी आहे, जंगल त्याच्या अंगणासारखं. कमरेला लाकडी आकड्यात कोयता अडकवून फिरतो, धावला तरी कोयता हलत नाही. मी म्हटलं, मला पण कोयताच बरा. तो म्हणाला, "तू मान फिरवलीस की पाय विसरतोस, तुला कोयता नको." मग त्यानं माझा हात धरून बघितला आणि म्हणाला, पातं तुझ्या तळव्याच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त असू दे, बस्स. लांब पातं भित्र्या माणसाला लागतं. मग त्यानं फणसाच्या चिकाची गोष्ट सांगितली, ती फार चांगली आहे, पण आता कागद संपेल.

तर माप असं. पातं साडेचार इंच. एकाच बाजूला धार. पाठ जाड, म्हणजे वरून लाकडानं ठोकून फाटी चिरता येईल. बोट पुढं सरकू नये म्हणून मुठीपुढं खाच. माझी बोटं आता घाबरतात. मुठीसाठी हाताचा ठसा मागच्या कागदावर काढून पाठवलाय. पेनानं कडेकडेनं गिरवलाय, दोन बोटं जाड दिसतात ती सुजेमुळं, तेवढं वजा करा.

आणि एक. सुरी झाली की पोस्टानं पार्सल करा. तुम्ही घेऊन येऊ नका. कुणाच्या हातानं देऊ नका. म्हणजे माझ्या हातात कुणी देऊ नका. मी पण तिकडं येत नाही. पार्सलच बरं. का ते विचारू नका.

अव्वांना सांगा, भात-आमटी दोन वेळ मिळते. चुरमुऱ्यांचं गिरमिट मिळत नाही. अक्काच्या गाड्यावरच्या गिरमिटासारखं तर कुठंच नाही.

परशा

---

उणकल
२९ डिसेंबर १९९८

चि. परशास जयभीम.

पहिली सुरी मेली. घाईत ग्राइंडरला दाबून धरली आणि टोकाला निळी पडली. पोलाद निळं पडलं की त्यातलं पाणी गेलं, मग धार राहत नाही. चार दिवसांच्या जेवणाच्या सुट्ट्या वाया. मेस्त्री हसला, म्हणाला, "भीमसेन, वीस वर्षं ग्राइंडरवर आहेस आणि शिकाऊ पोरासारखी जाळलीस?" मन ठिकाणावर नव्हतं, काय सांगू त्याला.

मन ठिकाणावर नव्हतं ते तुझ्या पत्रामुळं. तुम्ही येऊ नका, मी येत नाही, पार्सल करा. परशा, मी काय दुकानदार आहे काय? वेणू गेली त्याच्या चौथ्या दिवशी तू पहाटे पिशवी घेऊन निघालास. सांगून गेला नाहीस. मी म्हटलं, पोरगा आहे, दुःख बाहेर काढतोय. दीड वर्ष झालं. आता मलाही कळायला लागलंय की बहीण गेली म्हणजे दाजी पण गेला. तसं असेल तर तसं लिही. तुझी पेटी अजून खाटेखाली आहे, अव्वा तिच्यावरची धूळ पुसते. नको असेल तर ती पण पार्सल करतो.

तुझ्या हाताचा कागद अव्वानं मागून घेतला. त्यावर आपला हात ठेवून बघितला. मग म्हणाली, "हा बारीक झालाय." मी म्हटलं, अगं बोटं सुजलीत उलट. तर म्हणाली, "तळवा बारीक झालाय." कागद परत दिला नाही. मी आठवणीनं माप घेतोय.

मात्र तू लिहिलेलं ते वाचल्यापासून, हातात देऊ नका ते, ती गप्प आहे. एरवी माझं डोकं खाते. तिला विचारलं तर म्हणते, "साकु, झोप." म्हणजे पुरे.

दुसरा पाटा घेतलाय. या वेळी बादलीत बुडवत बुडवत घासतोय. पण पार्सल करणार नाही. सुरी पाहिजे असेल तर ये आणि ने.

भीमसेन

---

कॅम्प
८ जानेवारी १९९९

दाजी,

जयभीम. हे पत्र अव्वांना वाचून दाखवू नका. पहिलंच सांगतो.

तुम्ही दुकानदार नाही. तुम्ही लिहिलेलं वाचून मी नदीवर गेलो आणि कृष्णा विचारायला लागला काय झालं, तर म्हटलं डोळ्यात धूर गेला. तो म्हणाला, नदीवर कसला धूर. त्याला सगळं कळतं. त्याची बायको पण अशीच, काही न बोलता ताट पुढं करते. पण राहू दे ते.

सत्त्याण्णवच्या शिवरात्रीच्या जत्रेतून तुम्ही सगळे आलात. मी खोलीच्या दारात चपला शिवत बसलो होतो. अक्का आली, पदरातून चाकू काढला, म्हणाली, "घे, सारखा हिंडतोस, जवळ असू दे." आणि माझ्या हातात ठेवला. सरळ हातात. अव्वा मागं होत्या, त्या ओरडल्या, "हातात देऊ नको गं! खाली ठेव, तो उचलेल. पातं हातात दिलं की नातं तुटतं." अक्का हसली. म्हणाली, "अव्वा, ते सगळं सोडलं ना आपण? देव सोडले आणि चाकूला भिता?" मी पण हसलो. मी तर मुद्दाम चाकू तिला परत दिला आणि तिनं परत मला दिला, तीन वेळा. अव्वांना चिडवायला.

मार्चमध्ये हे झालं. जुलैत ती गेली. साधा ताप म्हणाला होता तुम्ही. ताप येतो आणि चार महिन्यांत बहीण जाते?

मला माहीत आहे हे खुळ्यासारखं आहे. विहारात कुणी ऐकलं तर मला बाहेर काढतील. दिवसा मला पण ते पटत नाही. पण तुमच्या घरात बसलो की मला सारखं दिसायचं, तीन वेळा दिलेला चाकू. आणि अव्वांच्या समोर जेवायला बसलो की वाटायचं, यांना पण तेच दिसतंय. म्हणून गेलो. त्यानंतर कुठं टिकलो नाही, गोव्यात दोन महिने, कारवारला मासळीच्या ट्रकवर, मग इथं.

आता तुम्ही सुरी करताय, आणि माझं म्हणून तुम्हीच दोघं उरलाय. ती सुरी कुणी माझ्या हातात ठेवली तर? पोस्टमनशी माझं काही नातं नाही. त्याच्याशी तुटलं तर तुटू दे. म्हणून पार्सल म्हटलं.

फार दमल्यासारखं झालंय हे लिहून. पेटी पाठवू नका.

परशा

---

उणकल
१९ जानेवारी १९९९

परशा,

जयभीम. बस आणि वाच.

तुला ताप सांगितला ते मी खोटं सांगितलं. तिची मूत्रपिंडं गेली होती. डॉक्टरांनी संक्रांतीच्या आधीच सांगितलं होतं, म्हणजे जत्रेच्या दोन महिने आधी. जत्रेला ती हट्ट करून गेली, चालवत नव्हतं, केशवापूरपासून मी रिक्षा केली. तुझ्यासाठी चाकू घ्यायचाच होता तिला. चार दुकानं बघितली. मी म्हटलं, मिटणारा नको, त्याची कळ हलकी आहे. तर म्हणाली, "खिशात राहील असाच पाहिजे, म्हणजे तो हरवणार नाही." ती चूक माझी आहे, मी अडवायला पाहिजे होतं. तुझी बोटं त्यानं कापली.

तिनं मला शपथ घातली होती, परशाला सांगायचं नाही. तेव्हा तू बाहेरगावच्या गॅरेजमध्ये पाच महिने टिकला होतास. म्हणाली, "कळलं तर सोडून येईल, आणि मग मी गेल्यावर त्याच्याकडं ना मी ना काम." मी कबूल झालो. नंतर तुला सांगायचं राहिलं, मग तू निघून गेलास, मग सांगायला माणूसच नव्हता. तुझ्यासारखंच माझंही, उद्या सांगू, उद्या सांगू.

आणि हातात देण्याचं म्हणतोस? सात वर्षं तारिहाळच्या फाट्यावर तिचा गिरमिटाचा गाडा होता. सुट्टीच्या दिवशी मी मदतीला. ती कांदा चिरायची, सुरी माझ्या हातात. मी मिरची चिरायचो, सुरी तिच्या हातात. दिवसात पन्नास वेळा. खाली ठेवायला जागा कुठं होती गाड्यावर? हातात देऊन तुटत असतं तर लग्नाच्या आठवड्यातच तुटलं असतं आमचं.

एवढं लिहितोय शहाण्यासारखं, पण खरं सांगू? काल मेस्त्री म्हणाला दाखव बघू तुझी सुरी, तर मी ती टेबलावर ठेवली, मग त्यानं उचलली. हातात दिली नाही. का ते मला माहीत नाही. माणूस सोडतो म्हणतो, पण हात सोडत नाहीत.

तू वाचून दाखवू नको म्हणालास. मी वाचायला बसलो तेव्हा अव्वा समोर बसली होती. माझं तोंड बघून म्हणाली, "मोठ्यानं वाच." मी दोन ओळी गाळल्या, तर म्हणाली, "गाळलेलं पण वाच." वाचलं सगळं. ती उठली, जेवली नाही. मग अंधारातून म्हणाली, "मी बोलले नसते तर पोराच्या डोक्यात आलं नसतं. दीड वर्ष मला पण तेच दिसतंय." म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांसमोर जेवत होता आणि दोघंही तेच बघत होता, आणि मी मधे बसून भात वाढत होतो.

सुरी झालीय. लाल करून तेलात बुडवली, मग परत मंद तापवून वाळल्या गवताच्या पिवळ्या रंगावर आणली. पातं साडेचार इंच, पाठ जाड, शेपूट टोकापर्यंत. मूठ वेणूच्या विळीच्या पाटाची केलीय, तो तडकला होता. म्यान मशीनच्या जुन्या पट्ट्याचं. काल या सुरीनं दोरखंड एका ओढीत कापला. बाजारात पावणेदोनशेला अशी मिळणार नाही, पावणेदोन हजाराला पण.

फळीवर ठेवलीय. मी देणार नाही, पाठवणार नाही. सव्वीसच्या आधी ये आणि उचल. छाती दुखते म्हणून आज रजा काढलीय, लिहायला वेळ मिळाला. एरवी दोन ओळी लिहिल्या असत्या.

भीमसेन

---

कॅम्प
२३ जानेवारी १९९९

दाजी,

जयभीम. पत्र काल मिळालं. पाच वेळा वाचलं. दोन महिने आधीपासून माहीत होतं, हे वाचून पहिला राग आला. नंतर राग पण दमला. मी आलो असतो, गॅरेज सोडून नक्की आलो असतो, आणि तिला तेच नको होतं. ती मला तुमच्यापेक्षा जास्त ओळखत होती.

चाकूवरचा दोरा काल सोडला. पातं गंजलंय. खोबरेल लावून ठेवलंय. वापरणार नाही, पण गंजायला नको.

छातीला काय म्हणाले डॉक्टर? ताप म्हणून लिहू नका.

साहेबांना सुट्टी मागितली. म्हणाले, सव्वीसनंतर मोकळा हो, महिनाभर गेलास तरी चालेल. आणि सुरी नसेल तर सव्वीसला नदीवर नको. गुंडूनं तेव्हाच माझ्या कमरेला फडकं बांधलं. म्हणून ठरवलंय, सव्वीसला भांडी घासतो, चाळीस माणसांची, आणि सत्तावीसला पहिल्या गाडीनं उणकलला येतो. फळीवरची सुरी तिथंच असू दे. मी उचलतो. एवढ्या दिवसांत असं पक्कं काही ठरवलं नव्हतं मी. येताना रस्त्यात कुठं उतरायचं नाही, हे पण ठरवलंय, नाहीतर तुम्हाला माहीत आहे, यल्लापूरला कोण भेटलं की

दाजी, इथं पत्र मोडतोय.

खाली जीप आली. आज शनिवार, गुंडू दांडेलीच्या बाजारातून परत आला. येताना लांबूनच ओरडत होता, "परशा, बाजारातून तुझी म्हातारी आणलीय रे, घासाघीस केली नाही!" मला वाटलं नेहमीची चेष्टा. जाऊन बघतो तर बटाट्याच्या पोत्यावर अव्वा बसल्यात.

तुम्ही घाबरला असाल. जीप आत्ता परत जाणार आहे, ही चिठ्ठी तिच्याबरोबर टाकतोय आणि ड्रायव्हरला तुमच्या युनिटचा नंबर दिलाय, दांडेलीतून फोन करेल. अव्वा बऱ्या आहेत. पाय सुजलेत. हुबळीतून दांडेलीच्या गाडीत बसल्या आणि पुढं स्टँडवर ज्याला त्याला माझ्या हाताचा कागद दाखवत होत्या, "असा हात असलेला पोरगा कुठं राहतो?" म्हणून. गुंडूनं सुजलेली दोन बोटं ओळखली. म्हणाला, जिल्ह्यात असा वेडा हात एकच आहे.

मी विचारलं, दाजींनी पाठवलं? तर म्हणाल्या, "त्याला माहीत नाही. तो ड्युटीवर गेला. मी फळीवरची उचलली आणि निघाले."

पिशवीत शेंगाची चटणी आहे, भाकऱ्या आहेत, आणि पदरात गुंडाळलेली सुरी. माझ्या तोंडातून सवयीनं गेलं, "अव्वा, खाली ठेवा, मी उचलतो."

त्या म्हणाल्या, "खाली ठेवायला मी एवढी वाट तुडवली काय?"

चहा दिला, घेत नाहीत. बसा म्हटलं, बसत नाहीत. मी म्हटलं दोन ओळी लिहून देतो, जीप थांबलीय. तर समोर येऊन उभ्या राहिल्यात. म्यान काढून काखेत धरलंय, पातं आपल्याकडं आणि मूठ माझ्याकडं.

"तगो," म्हणतात. घे. "कागद सोड आधी. हात पुढं कर."

कागद खाली ठेवतो.